खेळणी नसलेलं घर

कुमुदिनीताई वाडदेकर आमच्याच इमारतीत, अकराव्या मजल्यावर राहायच्या. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत आम्ही नवराबायको हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमनला राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतली मेथी बघून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, ही कुठं मिळाली. मी दुकान सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथली कडू निघते, पण असू दे, चहाला या. पुढची दोन वर्षं मी चहाला जात राहिले. ही हकीकत त्यांनी मला एका बैठकीत सांगितलेली नाही. थोडी आज, थोडी महिन्यानं, मध्येच उठून गॅस बंद करून येत, अशी सांगितली. मी ती सलग लावली, एवढंच.

त्या मूळच्या मिरजेच्या. ऐंशी साली लग्न होऊन इथं आल्या. त्यांचे यजमान विश्वासराव जहाजांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात होते. कुमुदिनीताईंनी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काम केलं आणि डच भाषा तिथंच शिकल्या, त्यामुळं त्यांचं डच बटाटे, दूध, गरम आहे, सांभाळा अशा शब्दांचं होतं. मूल झालं नाही. दोघांनी तीन वर्षं डॉक्टर केले, मग एका संध्याकाळी बसून आता पुरे असं ठरवलं आणि त्यावर पुन्हा बोलले नाहीत. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये विश्वासराव ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीनंतर खुर्चीतच गेले. दीरानं मिरजेला बोलावून घेतलं. चार महिने राहून त्या परत आल्या. तिथं कुणी वाईट वागलं नव्हतं. सगळे फार चांगलं वागत होते, आणि त्यांच्यासमोर आपापसात बोलताना आवाज उतरवत होते. ते त्यांना सोसवेना.

परत आल्यावर पाठदुखीनं वृद्धाश्रमाचं काम सुटलं. दिवसभर घरात. बाल्कनीतून खाली रेल्वेचे रूळ दिसायचे, तेवढीच हालचाल. मग दोन हजार चारच्या दिवाळीत अ‍ॅमस्टेलव्हीनला मराठी मंडळींचा फराळ होता, तिथं त्यांना सुचेता भेटली. सुचेता आणि तिचा नवरा संजीव, दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीत, राहायला तिथंच. दोघांना घरी यायला साडेसहा-सात व्हायचे आणि मुलांची शाळा तीनला सुटायची. सुचेतानं आडूनआडून विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी आहे का मुलांना बघणारं. कुमुदिनीताई म्हणाल्या, मी आहे.

तेव्हापासून रोज दुपारी त्या डीमनहून मेट्रोनं निघायच्या, स्पाकलरवेखला गाडी बदलायच्या आणि तीनच्या आधी शाळेच्या फाटकाशी उभ्या असायच्या. ईशान तेव्हा आठ वर्षांचा, मृण्मयी पाच. आंतरराष्ट्रीय शाळेतली मुलं, इंग्रजीत बोलायची. मराठी कळायचं सगळं, तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, कुमुदआजी.

त्या घरात मुलांची एक वेगळी खोली होती आणि ती खेळण्यांनी भरलेली होती. वाढदिवसांची खेळणी, दिवाळीची, पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांची, संजीव कामासाठी कुठं जाऊन आला की विमानतळावरून आणलेली. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे. रोज संध्याकाळी ती खोली आवरायचं काम कुमुदिनीताईंचं. त्यामुळं कुठल्या जिगसॉ पझलचे किती तुकडे हरवलेत, कुठल्या गाडीचं चाक कुठल्या डब्यात पडलंय, हे त्यांना आईबापांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात, सिंटरक्लासची, म्हणजे डच मुलांना भेटी मिळायच्या सणाची, पाच तारीख होऊन गेली आणि मुलांना मिळायचं ते मिळालं. त्या आठवड्यात सुचेता एकदा लवकर घरी आली. कोट न काढताच स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, आता नाताळ. या शाळेतली निम्मी मुलं इंग्रज-अमेरिकन, त्यांच्याकडे खरी भेट नाताळला. सुट्टीनंतर बाई सगळ्यांना गोल बसवून विचारतात, तुला काय मिळालं.

"मावशी, यंदा तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "त्यांच्याकडे काय आहे नि काय नाही, मला खरंच माहीत नाही."

कुमुदिनीताईंनी हे फार मनावर घेतलं. पंचवीस वर्षांत त्यांना कुणी असं काही विचारलं नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस त्या मुलांकडे नुसतं बघत राहिल्या. ईशान एक डबा काढायचा, पाच मिनिटांत ठेवायचा, दुसरा काढायचा. त्याच्याकडे चार-पाच पटावरचे खेळ होते आणि ते सगळे दोघांनी खेळायचे होते. मृण्मयी तिच्या कापडी प्राण्यांना भिंतीशी ओळीत बसवून शाळा भरवायची आणि रागवायची. तिला हवा होता फळा. खरा, खडूनं लिहायचा.

सुचेताला त्यांनी तसंच सांगितलं. ईशानला नवं काही नको, त्याच्याबरोबर बसायला कुणी तरी हवं. मृण्मयीला फळा आणा. सुचेतानं सगळं ऐकून घेतलं, किती बारकाईनं बघता तुम्ही असं म्हणाली. आणि शनिवारी जाऊन ईशानला हातात धरायचा नवा व्हिडिओ गेम आणि मृण्मयीला तीन मजली बाहुलीघर घेऊन आली. सोमवारी ते कुमुदिनीताईंना सांगताना ती जरा ओशाळली होती. त्याच्या वर्गातल्या सगळ्यांकडे आहे हो, म्हणाली. मी काय सांगायला लावू त्याला, की बाबा माझ्याशी खेळले?

सुचेताचं यात काही चुकलं असं कुमुदिनीताई मला कधी म्हणाल्या नाहीत. आपण आपल्यातर्फे काय द्यायचं, एवढाच प्रश्न त्यांनी पुढं धरला.

त्यासाठी त्या तीन वेळा अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानात गेल्या. पहिल्यांदा दोन तास फिरल्या. जे हातात घ्यावं ते त्या खोलीत आधीच होतं, किंवा येऊन मोडून गेलेलं होतं. दुर्बीण होती. चुंबक होते. रंग तर तीन डबे होते, त्यातले दोन उघडलेलेच नव्हते. दुकानात काम करणारी एक तरुण मुलगी मदतीला आली आणि नातवंडं किती वर्षांची आहेत असं तिनं विचारलं. नऊ आणि सहा, असं कुमुदिनीताईंनी उत्तर दिलं. प्रश्न तेवढाच होता, उत्तर खोटं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्या मुलीनं त्यांना ओळखलं. नातवंडांची आवड काय, स्वभाव काय, विचारू लागली. कुमुदिनीताई सांगत गेल्या. ईशानला एका जागी बसवत नाही, पण आगगाड्या दिसल्या की खिळतो. मृण्मयी तोंडानं फटकळ आहे, मनानं नाही. इतकं सलग डच त्या वृद्धाश्रम सोडल्यापासून बोलल्या नव्हत्या. मुलगी हसून म्हणाली, तुम्ही फार जवळ राहत असणार त्यांच्या. मुलाची मुलं की मुलीची?

"मुलाची," कुमुदिनीताई म्हणाल्या. "अ‍ॅमस्टेलव्हीनला असतो तो."

हातातला लाकडी खोका त्यांनी फळीवर ठेवला आणि काही न घेता बाहेर पडल्या.  असलं काही त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. आणि मला सांगताना त्या म्हणाल्या, वाईट वाटलं हे खरं, पण वाक्य बोलायला किती सोपं गेलं गं.

तरी दोन दिवसांनी त्या तिसऱ्यांदा गेल्या. ती मुलगी गल्ल्यावर होती, गर्दी होती. तिनं लांबूनच विचारलं, अजून काही सापडलं नाही का? मग पुढच्या गिऱ्हाइकाची वस्तू बांधता बांधता ती म्हणाली, इतकं सगळं असलेल्या मुलांना कुठं तरी घेऊन जा, आजीबरोबरचा एक दिवस द्या. तिच्या आजीनं तिला असा दिवस दिला होता म्हणे.

कुमुदिनीताईंना ते पटलं. एकदम सगळं डोळ्यापुढं उभं राहिलं. सकाळी सेंट्रल स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठाला जाणारी बोट, मग पॅनकेक, मग ट्रामनं डीमनला आपल्या घरी, संध्याकाळी पावभाजी. त्या घरात चोवीस वर्षांत एकही मूल दिवसभर राहिलेलं नव्हतं. त्यांनी दोन जाड कागद आणले, मिरजेच्या शाळेतल्या इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून, दोन पत्रं लिहिली. अठ्ठावीस डिसेंबर, बुधवार, हा पूर्ण दिवस ईशानचा. दुसऱ्यावर मृण्मयीचं नाव. पाकिटांना लाल फीत लावली. मुलांच्या मापाच्या दोन सपाता आणल्या, दोन छोटे मग आणले.

पंचवीस तारखेला दुपारी संजीवकडे जेवण होतं. आणखी तीन मराठी कुटुंबं होती. कुमुदिनीताई पाहुण्या म्हणून गेल्या आणि अर्ध्या तासात स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होत्या. मुलांनी भेटी उघडल्या तेव्हा हात पुसत बाहेर आल्या. बाहुलीघर निघालं, गेम निघाला, पाहुण्यांनी आणलेलं काय काय निघालं. जमिनीवर कागदांचा ढीग झाला. मृण्मयीनं पाकीट उघडलं, उलटं करून झटकलं, आत आणखी काही आहे का बघितलं आणि आईकडे देत म्हणाली, "इट्स जस्ट अ लेटर."

सुचेतानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. कुणी तरी म्हणालं, अशा भेटी हल्ली कोण देतं. संजीव म्हणाला, वा, म्हणजे आम्हाला पण एक दिवस सुट्टी मिळाली. कुमुदिनीताई हसल्या. ईशानचं पाकीट नंतर त्यांना सोफ्याखाली मिळालं, बंद. त्यांनी ते त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मंगळवारी सुचेताचा फोन आला. मुलांना किती वाजता आणून सोडू, विचारलं. आणि मग म्हणाली, "मावशी, उद्याचा दिवस मी महिन्याच्या हिशेबात धरते हं."

"अगं, ती माझी भेट आहे," कुमुदिनीताई म्हणाल्या.

"ते बरोबर आहे, पण अख्खा दिवस तुमचा वेळ जातोय. मला नाही चालणार तसं."

त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणवेना. सुचेता मनापासूनच म्हणत होती, हेच अवघड होतं.

बुधवारी हवा बोचरी होती. बोटीवर ईशान भिंतीला टेकून गेम खेळत उभा राहिला. बोट पाच मिनिटांत पलीकडे पोचली, तेव्हा त्यानं मान वर करून विचारलं, दॅट्स इट? मृण्मयीचे हातमोजे ओले झाले होते आणि ती रडकुंडीला आली होती. पॅनकेक मात्र दोघांनी खाल्ले. ट्राममध्ये मृण्मयी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. डीमन येईपर्यंत कुमुदिनीताईंनी पाय हलवला नाही.

घरी आल्यावर मुलांनी नव्या सपाता घातल्या आणि दहा मिनिटांत तिन्ही खोल्या बघून झाल्या. मग दोघं दिवाणखान्यात उभी राहिली.

"व्हेअर आर द टॉइज?" मृण्मयीनं विचारलं.

कुमुदिनीताई म्हणाल्या, इथं नाहीत. इथं मुलं नव्हती ना.

"व्हाय?"

"आम्हाला झाली नाहीत," त्या म्हणाल्या. इतकं सरळ त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मृण्मयीनं थोडा विचार केला. मग घरी असतेस तेव्हा तू काय करतेस, असं तिनं इंग्रजीत विचारलं.  जेवण करते, बातम्या बघते, कुमुदिनीताई म्हणाल्या. उद्या तुमच्याकडे यायचं असतं, त्याची तयारी करते. मृण्मयीला हे उत्तर पुरेसं वाटलं नसावं. ती फरशीवरच्या गालिच्याच्या किनारीचे गोंडे मोजत बसली.

ईशानला बाल्कनीतून रूळ दिसले. वीस मिनिटं तो खरंच रमला. कुठली गाडी कुठं जाते ते कुमुदिनीताईंना पाठ होतं, त्या सांगत होत्या आणि तो ऐकत होता. तेवढी वीस मिनिटं त्यांच्या मनासारखी गेली. मग त्याला थंडी वाजायला लागली. आत आला, गेमची बॅटरी संपली होती, चार्जर घरी राहिला होता. तीन वाजता त्यानं आईला फोन करायचा का म्हणून विचारलं. कुमुदिनीताईंनी त्याला पत्ते खेळू या म्हटलं, तो दोन डाव खेळलाही. साडेतीनला त्यानं पुन्हा विचारलं, अगदी मवाळपणे, आणि त्यांनी फोन लावून दिला.

साडेसहाला येणारे संजीव-सुचेता सव्वाचारला आले. भाजी शिजत होती. ती त्यांनी डब्यात भरून दिली, पाव वेगळे बांधून दिले. सुचेता दारात म्हणाली, किती दमवलं असेल ना तुम्हाला. लिफ्टचं दार लागेपर्यंत मृण्मयी हात हलवत होती. आत आल्यावर कुमुदिनीताईंनी सपाता उचलून ठेवल्या आणि पुढं काय करायचं ते त्यांना सुचेना, कारण साडेसहापर्यंतचं सगळं ठरलेलं होतं आणि आत्ता साडेचारच वाजले होते.

जानेवारीत शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मृण्मयीनं तिच्या कापडी वर्गातला एक पाणघोडा कुमुदिनीताईंच्या पिशवीत कोंबला. हा मुळीच अभ्यास करत नाही, तिनं सांगितलं, आणि तुझ्या घरी काहीच नाही, म्हणून हा तुला. कुमुदिनीताईंनी सुचेताला विचारलं. सुचेता म्हणाली, न्या हो, ढिगानं आहेत.

पाणघोडा मेट्रोनं डीमनला आला आणि सोफ्यावर बसला. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन बसताना त्या त्याला सरक जरा म्हणाल्या, आणि दचकल्या. तिसऱ्या दिवशी दचकल्या नाहीत.

चौथ्या दिवशी मृण्मयीनं तो परत मागितला. उद्या वर्गाची परीक्षा आहे आणि तो नाही आला तर नापास होईल. ती हे अगदी गंभीरपणे सांगत होती. कुमुदिनीताईंनी दुसऱ्या दिवशी पाणघोडा पिशवीत घातला आणि नेऊन दिला. मी विचारलं, सांगायचं नाही का तिला, की दिलेली वस्तू मागू नये? त्या म्हणाल्या, सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं. आणि तिच्या वर्गात त्याची जागा होती, ती रिकामी दिसत होती.

मग त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"तो बुधवार मी माझ्यासाठीच आणला होता गं," त्या म्हणाल्या. "मुलांना काय हवं ते मी सुचेताला बरोबर सांगितलं होतं. मी स्वतः मात्र त्यांना वेगळंच दिलं."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांचं जाणं-येणं चालू होतं. त्याच मार्चच्या शेवटी संजीवनं तिथून लांब, नीउ-व्हेनेप गावात घर घेतलं. मुलांची नावं तिथल्या डच शाळेत घातली, शाळेतच संध्याकाळपर्यंत सांभाळायची सोय होती. शेवटच्या दिवशी सुचेतानं त्यांना साडी दिली आणि खूप रडली. कुमुदिनीताई रडल्या नाहीत. एप्रिलमध्ये काही दिवस त्या दुपारी दोनला तयार होऊन बसायच्या, मग कपडे बदलायच्या. हे त्यांनी सांगितलं नाही. मी एकदा अचानक गेले तेव्हा कोट घालून सोफ्यावर बसलेल्या दिसल्या. कुठं निघालात विचारल्यावर म्हणाल्या, कुठं नाही.

ऑक्टोबरात मृण्मयीच्या सातव्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. या वेळी त्या कुठल्या दुकानात फिरल्या नाहीत. फोन करून मृण्मयीलाच विचारलं, तुला काय हवं. आयाळ विंचरता येते असा प्लॅस्टिकचा घोडा, मृण्मयी म्हणाली. गुलाबी. तसले चार घोडे तिच्याकडे होते, त्यातला एक गुलाबीच होता. रोज तेच तर उचलून ठेवले होते त्यांनी. त्यांनी पाचवा घेतला, सांगितला तसाच, आणि गाड्या बदलत नीउ-व्हेनेपला गेल्या.

मृण्मयीनं घोडा उघडला आणि खूश झाली. खरंच खूश झाली, कुमुदिनीताई मला दोनदा म्हणाल्या. मग तो ढिगात ठेवून तिनं पुढचं पुडकं घेतलं. तिच्या वर्गातल्या गोऱ्या मैत्रिणी भोवती बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं, ही कोण, असं विचारलं.

"ही आधी आम्हाला सांभाळायची," मृण्मयी डचमध्ये म्हणाली.

सहा महिन्यांत त्या मुलीचं डच इतकं स्वच्छ झालं होतं, की तितकं कुमुदिनीताईंचं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. त्या वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. ईशान वरून खाली आला, उंच झाला होता, हॅलो म्हणून परत वर गेला. सवयीनं त्या वाकून जमिनीवरचे कागद गोळा करायला लागल्या, तर सुचेतानं हातातून घेतले. म्हणाली, मावशी, आज तुम्ही पाहुण्या, तुम्ही बसा. त्या बसल्या. चार माणसांशी बोलल्या, केक खाल्ला. संध्याकाळी संजीवनं स्टेशनवर सोडलं. डीमनपर्यंत येतो असं तो म्हणत होता, त्यांनीच नको म्हटलं.

पुढच्या वर्षी वाढदिवस पोहण्याच्या तलावावर झाला, फक्त वर्गातल्या मुलांचा. कुमुदिनीताईंनी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं आणि त्याप्रमाणे आणूनही ठेवलं होतं, या वेळी चित्रं उमटवायचे रबरी छाप. ते त्यांनी पोस्टानं पाठवले. पोचल्याचा फोन सुचेतानं केला तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते. सुचेता घाईत होती. गाडी काढत होती बहुतेक. मागून मृण्मयीचा आवाज मलाही ऐकू येत होता, कुणाला तरी काही तरी भराभर सांगत होती. सुचेता म्हणाली, ठेवते मावशी. कुमुदिनीताई हो म्हणाल्या आणि रिसीव्हर कानाशी धरून तो आवाज ऐकत तशाच उभ्या राहिल्या, पलीकडून फोन ठेवला जाईपर्यंत.